लॉरीनं पाडलेलं डुक्कर

"लॉरीत चढल्यावर नवरीच्या दारात ओवाळून घेईपर्यंत नवरदेवानं पाय भुईला लावायचा न्हाई," असं लक्ष्मीआत्याने सकाळी बजावलं. बजावलं तेही कुणाला, तर जो स्वतःच लॉरी चालवत स्वतःच्या लग्नाला निघाला होता त्याला.

"आत्या, आन वाटंत चाक बसलं तर?" मारुतीने विचारलं.

"तर कृष्णा हाय की!"

कृष्णाण्णा म्हणजे लॉरीचा क्लीनर. वय पन्नाशीच्या पुढे. उभा जन्म बैलगाडी हाकण्यात गेलेला, त्यामुळे लॉरी थांबली की हा माणूस आधी तिच्या पाठीवर थाप मारायचा आणि मगच हँडल हातात घ्यायचा. ब्रेकला तो वेसण म्हणायचा आणि रेडिएटरमध्ये पाणी ओतताना तोंडाने शीळ घालायचा.

सुपे तेव्हा अजून धरणाच्या पाण्याखाली गेलं नव्हतं. तिथला बाजार भरत होता आणि रामनगरच्या बाजूने तिकडे जाणाऱ्या लॉऱ्या सगळ्यांना नावानिशी ठाऊक होत्या. रामनगरच्या मारुतीची लॉरी मिलिटरीच्या लिलावातली. वरून तांबडा रंग दिला होता, पण आतला हिरवा जिथेतिथे डोकावायचा, आणि लढाईत ही नक्की कुणाच्या बाजूने होती असं कुणी विचारलं की मारुतीला भयंकर राग यायचा. बांबू, भात, कौलं, काय सांगाल ते ती वाहायची. माघात उळवीच्या जत्रेला माणसं न्यायची.

त्या जत्रेतच सगळा घोटाळा झाला. नंदिगड्ड्याच्या अलीकडच्या वाडीतली कमल आईबरोबर दर्शनाला आली होती. आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही असं बघून तिने लॉरीचा रबरी भोंगा दाबला. लक्ष मारुतीचं होतं. नंतर महिनाभर त्या वाडीच्या वाटेने त्याच्या लॉरीला फारच कामं निघू लागली, तेव्हा शहाण्या माणसांनी काय ते ओळखलं आणि बोलणी सुरू केली.

पण कमलचे वडील भिकाजी गावकर पडले जुन्या वळणाचे. "बैल म्हातारा झाला तरी श्याण देतोय," ते म्हणाले. "ही लोखंडाची म्हस काय देती? प्यायाला पेट्रोल, सोडायला धूर! आन डोंगरात बसली की बसली. माझी पोरगी काय ढकलायला देऊ?"

कमल दोन दिवस जेवली नाही. गावकर हट्टी होते, पण लेकीपुढे त्यांचा हट्ट जरा आखूड पडायचा. शेवटी त्यांनी अट घातली. "वैशाखात गोरज मुहूर्त हाय. गुरं घरला यायच्या आत तुझी लॉरी माझ्या खळ्यात, तुळशीम्होरं उभी ऱ्हायली पायजे. आली तर पोरगी तुझी. न्हाई आली, तर माझ्या भनीचा पोरगा म्हादू नवं धोतर नेसून तयार आसंल. घातलेला मांडव मी मोकळा सोडनार न्हाई."

मारुती हसत हसत "व्हय" म्हणाला. मारुतीचा लॉरीवर विश्वास होता. आत्याचा मात्र देवावर होता, आणि इथेच गाडं फसलं.

निघायच्या वेळी मारुतीने चाकापुढे दगड मांडला आणि नारळ घेतला. आत्याने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"चाकाम्होरं नारळ? आरं, चाक म्हंजे पाय. द्याव काय पायात ऱ्हातोय व्हय? उघड ते झाकान."

"आत्या, बॉनेटात कुनी नारळ फोडत्यात?"

"कुनी फोडत न्हाईत म्हनूनच सगळ्यांच्या लॉऱ्या बंद पडत्यात. उघड म्हनते न्हवं!"

झाकण उघडलं. आत्याने आत डोकावून, देव असेल अशी एक टणक जागा निवडली आणि दोन्ही हातांनी नारळ हाणला. पाणी फस्सकन सगळीकडे उडालं. "आत्या, हळू!" असं मारुती ओरडला. "हळू फोडल्यावर द्याव जागा हुतोय व्हय?" म्हणून आत्याने दुसरा घाव घातला आणि मग जे जे म्हणून इंजिनातून वर आलेलं होतं त्या प्रत्येकाला मनोभावे कुंकू लावलं.

एवढ्यावर थांबली असती तर ती आत्या कसली? सीटखालची हत्यारांची पेटी तिने काढून पडवीत ठेवली होती, कारण तिथे लाडवांचं एक डालगं बसत होतं. "शुभकार्यात लोखंडाचा खडखडाट कशाला?" असा तिचा सवाल होता. पण हळद लागलेल्या नवऱ्याजवळ लोखंड हवंच, नाहीतर रानातलं काहीबाही लागतं. म्हणून तिने कट्यार पुढे केली. कट्यार कमरेला लावून स्टेअरिंगमागे बसता येईना. तेव्हा मारुतीने पेटीतला प्लगपाना काढून घेतला, आत्याने त्याच्या टोकाला लिंबू टोचलं, आणि असा सशस्त्र नवरदेव डोक्याला बाशिंग, मुंडावळ्या कानामागे खोचून, गिअर टाकून निघाला.

जोयडा मागे पडेपर्यंत सगळं झकास चाललं होतं. मागे वऱ्हाडातल्या बायका गाणी म्हणत होत्या. मग चढ लागला, रान दाट झालं, आणि लॉरीने एक हिसका दिला. मग दुसरा. आणि मग पाठीमागच्या धुराच्या नळीतून असा काही आवाज निघाला की गाणं मध्येच तुटलं.

फट्ट!

आवाज दरीत गेला, पलीकडच्या डोंगराला आपटला आणि परत आला. झाडांवरची वानरं पळाली.

"मारुती, बैल लंगडतोय," कृष्णाण्णा म्हणाला.

"एक सिलिंडर पेटंना झालाया," मारुती म्हणाला. त्याचा चेहरा हळदीखालीही पांढरा पडलेला दिसत होता.

त्याने लॉरी थांबवली. दार उघडून पाय खाली सोडणार, तोच आत्याने शेजारून सदऱ्याला धरलं. "भुई!"

मग काय करतो बिचारा! दारातून मडगार्डवर, मडगार्डवरून इंजिनावर असा तो माकडासारखा चढला. बाशिंग बॉनेटला अडकलं, मुंडावळीची एक लड पंख्यात अडकता अडकता राहिली. लिंबासकट पाना फिरवून त्याने एकेक प्लग काढून बघितला. चौथा प्लग हातात आला आणि तो बघतच राहिला. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता, आणि त्या तड्यात नारळाच्या शेंडीचा एक केस अडकला होता.

मारुतीने आत्याकडे बघितलं. आत्याने रानाकडे बघितलं.

"बगितलास?" ती शेवटी म्हणाली. "नारळ फोडला म्हनून येवड्यावर निभावलं."

सुटा प्लग होता, पण तो पेटीत, आणि पेटी रामनगरला पडवीत. मारुतीने तडा पुसला, प्लग पुन्हा बसवला. "ठिणगी ह्या भेगेतनं बाहेर पळतीया," त्याने कृष्णाण्णाला समजावलं. "पेट्रोल आत जळत न्हाई, तसंच धुराच्या नळीत जातंय, आन तितं पेट घेतंय. म्हनून बार हुतोय."

"पर बाकीचे पाच धड हायेत न्हवं?" आत्या म्हणाली. "घरात सहा भाऊ असलं आन एक रुसला, तर बाकीचे काय नांगर धरत न्हाईत?"

"धरत्यात की. पर रुसलेला मधनंच बोंबलतोय, त्येचं काय?"

रुसलेला चांगलाच बोंबलला. प्रत्येक चढाला फट्ट, प्रत्येक वळणाला फट्ट. शेवटी वऱ्हाडाच्या ओझ्याने एका उभ्या चढावर लॉरीने मानच टाकली. उन्हं कलली होती. दोन चढ ओलांडले की वाडी. मारुती स्टेअरिंग धरून बसला. जत्रेतला तो भोंगा त्याच्या कानात वाजत होता आणि म्हादूचं नवं धोतर डोळ्यांपुढे फडफडत होतं.

तेवढ्यात रानातून नवं धोतर खरोखरच बाहेर आलं. गुडघ्याच्या वर खोचलेलं, कुसळं लागलेलं. त्यात एक तरणा गडी होता, त्याच्या एका हातात कोयता आणि दुसऱ्या हातात टोपली.

"कुठं पडलंय?" त्याने धापा टाकत विचारलं.

"काय?"

"डुक्कर की ओ!"

आता इथली रीत सांगितली पाहिजे. त्या रानात सरकारचे कायदे बरेच होते, पण माणसं पाळायची तो कायदा एकच होता. शिकार पडली की कापायच्या आत जो जागेवर पोचेल त्याला वाटा. मग तो कोण, कुठला, त्याचं तुमचं भांडण आहे का, हे विचारायचं नाही. पहिला बार ज्याचा, त्याला डोकं. गावकराला, म्हणजे गावच्या प्रमुखाला, मानाची तंगडी. उशिरा येईल त्याला वास. म्हणून बंदुकीचा आवाज आला की त्या डोंगरात कुणी "कुणी मारलं?" म्हणत बसत नसे. कोयता घ्यायचा आणि पळायचं.

"आरं बाबा, डुक्कर न्हवं, लॉरी!" मारुती म्हणाला. "लॉरीच्या नळीचा आवाज त्यो."

"लॉरी बार काढती व्हय?" गडी हसला. "मघाधरनं आमी बार मोजतोय. येवड्या गोळ्या लागल्या म्हंजे दांडगा रेडाच म्हना की डुकराचा. दावा लवकर, मला परत जायाला पायजे. लगीन हाय."

"कुनाचं?"

"माझंच हुईल बहुतेक. मी म्हादू. मामानं सांगितलंय, मोटारवाला न्हाई आला तर तूच उभा ऱ्हा." इथे त्याला बाशिंग दिसलं. त्याने कोयता हळूच पाठीमागे धरला. "तुमीच व्हय मोटारवाले? राग नगा धरू हं. मला काय हौस न्हाई. मामानं धोतर दिलं म्हनून नेसलो."

तोवर रान चारी बाजूंनी हलायला लागलं होतं. कुणी टोपली घेऊन, कुणी पोतं घेऊन, एक बाई तर परडीत भाजीसकट आली. वाडीतला, पलीकडच्या वाडीतला, नदीपलीकडचाही माणूस आला. त्यात वाडीचा गुराखी झिलू होता, खांद्यावर काठी, पण मागे एकही गाय नाही.

"झिलू, गुरं कुठं?" म्हादूने विचारलं.

"हायेत रानात. गुरं काय वाटा मागत न्हाईत."

लॉरीभोवती ही गर्दी झाली. डुक्कर नाही म्हटल्यावर एकाचाही विश्वास बसेना. लोक चाकाखाली वाकून बघू लागले, मागे चढू लागले. लाडवांच्या डालग्यावर एकाने बोट ठेवलं आणि म्हणाला, "वाटं घालून पळवतायसा! ह्ये बरं न्हवं. रानाचा शाप लागंल."

"शाप लागंल तुज्या जिभंला!" आत्या कडाडली. "लाडू हायेत ते. हात लावशील तर बोटं मोडीन!"

एवढा गोंगाट ऐकून फॉरेस्ट गार्ड न येईल तरच नवल. निंगाप्पा गार्ड धारवाडकडचा. राखीव रानात चोरून शिकार करणारा एक तरी माणूस मुद्देमालासह पकडावा अशी त्याची फार दिवसांची इच्छा होती. इथे तर मुद्देमालाच्या टोपल्या घेऊन आख्खा मुलूख उभा! त्याला भरून आलं.

"हंदी यल्ली? डुक्कर कुठं हाय?" तो ओरडला. "बंदूक कुठं? कुणी जागा सोडायचं नाही!"

"सायेब, बंदूक न्हाई, लॉरीच..."

"लॉरी? हॉ! चालू करा. बघतो मी."

कृष्णाण्णाने लॉरीच्या पाठीवर थाप मारली, हँडल फिरवलं. आणि मंडळी, ती लॉरी अशी गोड चालू लागली की जन्मात तशी चालली नसेल. ना हिसका, ना ठसका. सहाही सिलिंडर एका सुरात. मारुतीने पाय दाबला तरी नुसती गुर्रगुर्र.

"हे बंदूक?" निंगाप्पा म्हणाला. "हे तर मांजर!"

गर्दी हसली. मारुतीच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं राहिलं. दिवसभर ज्या आवाजाने जीव खाल्ला, तोच नेमका हवा तेव्हा गायब!

"लॉरी जप्त," निंगाप्पा म्हणाला. "चला सुप्याला."

"सुप्याला?" मारुती ओरडला. "सायेब, गोरजाला माझं लगीन हाय! आज लॉरी खळ्यात न्हाई लागली तर..." त्याने म्हादूकडे बोट केलं. "तर ह्येचं लागतंय!"

म्हादूने मान खाली घातली. त्यालाही वाईट वाटलं होतं.

आणि तेव्हा मारुतीच्या डोक्यात उजेड पडला. वऱ्हाड उतरलेलं, लॉरी रिकामी, उभी. बैलसुद्धा दावणीला लंगडत नाही. ओझं पडलं, चढ लागला, की भेग जागी होते.

"सायेब, उभ्या उभ्या ती बोलायची न्हाई," तो म्हणाला. "तिला ओझं पायजे आन चढ पायजे. तुमी बसा. ह्ये सगळे बसू देत. ह्याच चढाला तिनं बार न्हाई काढला, तर मला दोरी लावून न्या."

निंगाप्पाने विचार केला. एवढ्या साक्षीदारांना सुप्यापर्यंत पायी हाकण्यापेक्षा हे बरंच होतं. "हत्तरी सगळे! चढा!" तो म्हणाला आणि स्वतः पुढे आत्याशेजारी बसला. बसताना त्याच्या खाकी सदऱ्यातून एक घडी घातलेली पिशवी खाली पडली. चांगली मोठी होती.

"ही कशाला ओ?" आत्याने विचारलं.

"पंचनाम्याला," निंगाप्पा म्हणाला आणि पिशवी परत आत घातली.

मागे जी गर्दी झाली ती काय वर्णावी! वऱ्हाडातल्या बायकांच्या मांडीवर कोयते, आणि कोयतेवाल्यांच्या डोक्यावर लाडवांची डालगी. जागाच अशी होती की कुणाला भांडणसुद्धा नीट करता येईना. चढाला वेग मिळावा म्हणून मारुतीने लॉरी मागे तळाच्या सपाटीवर नेली आणि देवाचं नाव घेतलं. आपली लॉरी बिघडावी म्हणून नवस बोलणारा तो पहिलाच मालक असेल. लॉरी चढाला लागली, हळू झाली, हिसका बसला.

फट्ट!

"निघाला!" मागून एकच गजर झाला.

निंगाप्पा जागेवर दचकला, पण हातचा मुद्देमाल असा सोडवेना. "एक बार चुकून होते," तो म्हणाला. "परत."

फट्ट! फट्ट!

"आता?"

"हौदु, खरं हाय," निंगाप्पा नाइलाजाने म्हणाला. मग थोड्या वेळाने, जरा लाजत, "अजून एक काढते का?"

अशी बार काढत, आरोळ्या घेत लॉरी चढली. पहिला चढ ओलांडला. दुसऱ्याच्या पायथ्याशी वळणावर मारुतीने करकचून ब्रेक दाबला, कारण समोरून एक माणूस जिवाच्या आकांताने पळत येत होता. डोक्याला लग्नाचा जरीचा फेटा, कमरेला कोयता, आणि हातात टोपली. टोपली इतर सगळ्यांपेक्षा मोठी होती.

"कापलं न्हाई न्हवं अजून?" तो लांबूनच ओरडला. "गावकराची तंगडी ठेवलीसा न्हवं?"

आणि मग भिकाजी गावकरांना काचेमागे बाशिंग दिसलं.

मागच्या आरोळ्या बंद पडल्या. लॉरीसुद्धा बंद पडली.

"मामा," मारुती सीटवरून नम्रपणे म्हणाला, "मांडव मोकळा सोडलासा?"

"मी आपलं..." भिकाजींनी टोपली पाठीमागे धरली. ती मावेना. "वऱ्हाड कुठवर आलंय बगावं म्हनून आलो."

"कोयता घेऊन?" आत्याने विचारलं.

भिकाजींनी मागे बघितलं तर आख्खी वाडी लॉरीत बसलेली, त्यात म्हादू. त्यांनी सगळा राग म्हादूवर काढला. "तुला मांडवात बसीवलं हुतं न्हवं रं?"

"तुमीबी मांडवातच हुतासा की मामा," म्हादू म्हणाला.

उन्हं झाडांच्या शेंड्यांवर गेली होती. मारुतीने कृष्णाण्णाला खूण केली. हँडल फिरलं, फिरलं, पुन्हा फिरलं. लॉरी एकदा खोकली आणि गप्प झाली. शेवटचा चढ समोर उभा. वरून मांडवातली सनई ऐकू येत होती, आणि तिची सुरावट जरा घाबरलेली वाटत होती.

"खाली उतरा रं समदी," म्हादू म्हणाला. "खांदा लावा."

सगळे उतरले. वाट्यासाठी डोंगर ओलांडून आलेले ते हात आता लॉरीला लागले. भिकाजी एका बाजूला उभे होते.

"माझी अट हुती," ते पुटपुटले. "लॉरी आली पायजे. ढकलत न्हवं."

"गावकरानू," कृष्णाण्णा शांतपणे म्हणाला, "तुमी म्हनला हुतासा, लॉरी खळ्यात उभी ऱ्हायली पायजे. कशी यील त्ये बोलला न्हाईसा. आन गाडी चिखलात रुतली की गावानं खांदा द्यायचा, ही तर बैलाचीबी रीत. आता उशीर झाला तर वर सांगावं लागंल, नवरीचा बाप कुठं गेला हुता त्ये."

भिकाजींनी फेटा काढून सीटवर ठेवला आणि खांदा लावला. वर फक्त मारुती, बाशिंग सावरत, स्टेअरिंग धरून, आणि शेजारी आत्या. त्याचा जीव तळमळत होता, पण आत्याचा हात सदऱ्यावरून सुटला नव्हता. "हैय्या! हैय्या!" करत लॉरी चढली. सर्वांत जोरात खांदा होता भिकाजींचा. लेकीसाठी माणूस काय काय करतो!

लॉरी खळ्यात शिरली आणि तुळशीपुढे थांबली. मांडवात भटजी, सनईवाला आणि बायकाच तेवढ्या उरल्या होत्या. कमलची आई अनुसया आरती घेऊन धावत आली, आणि लॉरीच्या मागून आपला नवरा निघताना बघून जागीच थबकली. पण बोलायला तिला वेळ मिळाला नाही.

"सूर्य गेला," भटजी उठून म्हणाले. "गोरज टळली. आता काही इलाज नाही."

भिकाजींनी तोंडावरचा घाम पुसला. ते म्हादूकडे बघेनात, म्हादू त्यांच्याकडे बघेना. आणि तेव्हा आतून, दाराआडून, एक आवाज आला. नवरीने बोलायची वेळ नव्हती ती, पण बोलली.

"भटजीकाका, गोरज म्हंजी काय वो?"

"गायी घरी परततात, त्यांच्या खुरांची धूळ उडते, ती वेळ."

"मग आमच्या गायी कुठं हायेत?"

भटजींनी गोठ्याकडे बघितलं. गोठा रिकामा. सगळ्यांनी झिलूकडे बघितलं. झिलूने काठी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"रानात," तो म्हणाला.

"म्हंजे गोरज टळली न्हाई," दाराआडचा आवाज म्हणाला. "आजून आलीच न्हाई."

मांडवात कुणीतरी खुदकन हसलं. भटजींनी क्षणभर आकाशाकडे बघितलं, मग चुलीकडे, जिथे फणसाची भाजी आणि पायसाचा हंडा त्यांची कधीपासून वाट बघत होते. "शास्त्रात गायीच सांगितल्यात," ते गंभीरपणे म्हणाले. "सूर्य मी आपला अंदाजाने धरला होता. झिलू, हो पुढे!"

झिलू धावला. अनुसयाने ओवाळलं, आत्याने सदरा सोडला, आणि सकाळपासून अधांतरी असलेल्या मारुतीने अखेर पाय भुईला लावला. थोड्या वेळाने उतारावरून घंटा वाजल्या, आणि धुळीचा लोट घेऊन गुरं खळ्यात शिरली. अंतरपाट धरला गेला. वाटा मागायला आलेले सगळे कोयते कुडाला टेकवून हातात अक्षता घेऊन उभे राहिले. नुसतं आवतण दिलं असतं तर निम्मेसुद्धा आले नसते.

"काय वो," अनुसयाने नवऱ्याला हळूच विचारलं. "टोपली रिकामीच?"

"रिकामी कशी?" भिकाजी म्हणाले. "वाटा आनलाय की. जिता आनलाय. त्यो बग, बाशिंग बांधून उभा हाय."

मंगलाष्टकं संपत आली. अंतरपाट खाली यायला आणि रानातून आवाज यायला एकच गाठ पडली.

फट्ट!

सगळ्यांच्या माना वळल्या. हात नकळत कुडाकडे गेले. म्हादू तेवढा मांडवात दिसत नव्हता, आणि अनुसयाच्या पडवीतल्या खुंटीवरची जुनी ठासणीची बंदूकही दिसत नव्हती.

"थांबा रं!" भिकाजी हात वर करून म्हणाले. "मोटारच आसंल."

निंगाप्पाने लॉरीकडे बघितलं. ती तुळशीपुढे उभी होती, गारठलेली, झाकण उघडं, आणि एक वासरू तिच्यावरचे नारळपाण्याचे वाळलेले डाग चाटत होतं. निंगाप्पाने तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग मुठीतल्या अक्षता त्याने नवरानवरीवर टाकल्या.

"मोटारच," तो म्हणाला. "आज फार बार काढते."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना लॉरीच्या हुकाला पानांत गुंडाळलेली एक जडशी मोटली टांगलेली होती. शेजारी म्हादू उभा होता, जुन्या धोतरात.

"पयला बार तिचा," तो म्हणाला. "डोकं तिलाच."

आत्या नारळ घेऊन पुढे झाली. मारुतीने तो तिच्या हातून घेतला आणि मुकाट्याने चाकापुढच्या दगडावर फोडला. परतीची वाट उताराची होती, पण खळ्यातून बाहेर पडायला एक धक्का लागणार होता. पुन्हा सगळी वाडी खांदा लावून उभी राहिली, भिकाजी सर्वांत पुढे, न सांगता. कमलने मोटली पायाशी नीट ठेवली, पदर सावरला, एकदा मागे बघितलं. आणि आख्खं गाव बघत असताना तिने भोंगा दाबला.